चैन आणि चाल : उतारवयातील एका गाडीवर्गाचे मूल्यमापन

रोलाँ बार्थ यांच्या 'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकातील सित्रोएँ डीएस या मोटारीवरचा छोटा निबंध आपल्याकडील साहित्याच्या वर्गांना अपरिचित नाही. सांस्कृतिक समीक्षेचा नमुना म्हणून तो शिकवला जातो, आणि मोटारगाडी ही आजच्या युगात गॉथिक कॅथीड्रलांच्या बरोबरीची निर्मिती आहे, हे त्यातील विधान उत्तरपत्रिकांत हमखास उतरते. मात्र या निबंधाची एक मर्यादा सहसा कोणी दाखवून देत नाही. बार्थ यांच्यासमोर होती ती प्रदर्शनातली कोरी करकरीत गाडी. १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली, आणि लोकांनी तिच्या पत्र्याला, गाद्यांना हात लावून पाहणे हाच त्या निबंधातील कळसाचा क्षण आहे. तीच गाडी पंधरा वर्षांनी, तिसऱ्या मालकाच्या दारात, पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी सुरू होते की नाही, हा प्रश्न निबंधाच्या कक्षेबाहेर राहिला. प्रस्तुत लेखात आम्हाला नेमका तोच प्रश्न विचारायचा आहे.

तो विचारायला कार्ल्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. जेम्स फर्ग्युसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी ज्याची रचना ख्रिस्ती चर्चच्या रचनेशी ताडून पाहिली, तो चैत्य येथे डोंगरात आहे. आणि खाली इंद्रायणीच्या खोऱ्यात जुना मुंबई-पुणे महामार्ग, लोहमार्ग आणि २००२ साली पूर्णपणे खुला झालेला द्रुतगती मार्ग आहे. बार्थ यांच्या तुलनेची दोन्ही टोके येथे एकाच नजरेत सामावतात. शिवाय मुंबईच्या आणि पुण्याच्या श्रीमंतीची बंगले-संस्कृती मावळात येऊन पोचल्यापासून, त्या श्रीमंतीने वापरून सोडलेल्या गाड्याही येथील रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत.

आमचा विषय आहे तो या सोडलेल्या गाड्यांपैकी एका विशिष्ट वर्गाचा. बीएमडब्ल्यूची थ्री सीरिज, मर्सिडीजची सी-क्लास, आउडीची ए-फोर. आकाराने लहान, दर्जाने आलिशान आणि वृत्तीने क्रीडाप्रिय अशी ही डिकीवाली सेडान. २००८ ते २०१२ च्या सुमारास पंचवीस-तीस लाखांच्या घरात विकली गेलेली अशी गाडी आज पाच-सहा लाखांत, म्हणजे नव्या छोट्या हॅचबॅकच्या दरात मिळू शकते. नुकताच कायम झालेला एखादा अधिव्याख्याता किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा एखादा प्राध्यापक या आकड्यांपाशी थबकतो. ज्या वस्तूकडे आपण जन्मभर काचेपलीकडून पाहिले ती आता आपल्या आवाक्यात आली आहे, असे त्याला वाटते. हे वाटणे कितपत खरे आहे, याचा निवाडा करताना त्याच्या वर्षा-दोन वर्षांच्या शिलकीचा प्रश्न असतो. म्हणून तो गांभीर्याने व्हावा, अशी आमची भूमिका आहे.

या गाड्यांविषयी जे बोलले जाते ते बहुधा दोन टोकांचे असते. एक पक्ष म्हणतो, अशी गाडी चालवण्याचा आनंद इतर कशातही नाही. खर्चाचा हिशेब मांडणारा माणूस रसिकच नव्हे. दुसरा पक्ष म्हणतो, जुनी जर्मन गाडी म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती. मराठी वाचकाला या वादाची ठेवण ओळखीची वाटेल. फडके-खांडेकरांच्या नावाने आपण 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' असा जो झगडा अनेक दशके चालवला, त्याचाच हा गॅरेजमधला अवतार आहे. आणि त्या झगड्यात जी गफलत होती तीच येथेही आहे. दोन्ही पक्ष गाडीला एकसंध वस्तू समजतात. एकाच्या लेखी ती सगळीच्या सगळी उत्तम, दुसऱ्याच्या लेखी सगळीच्या सगळी घातक. आमच्या मते या गाडीत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत, आणि त्या दोन्ही सारख्या वेगाने म्हाताऱ्या होत नाहीत. एक आहे चैन. दुसरी आहे चाल. त्यांचे वय वेगवेगळे मोजल्याशिवाय मूल्यमापन होऊच शकत नाही.

या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या हे समजण्यासाठी या प्रकाराचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. बीएमडब्ल्यूने १९६६ साली दोन दारांची एक आटोपशीर गाडी काढली आणि १९६८ मध्ये तिच्यात अधिक ताकदीचे इंजिन बसवून '२००२' या नावाने ती विकली. हे नाव वर्षाचे नव्हे, इंजिनाच्या दोन लिटर क्षमतेवरून पडलेले. तिचा वारसा १९७५ मध्ये थ्री सीरिजकडे गेला. मर्सिडीजने १९८२ मध्ये '१९०' ही लहान गाडी आणली, तिची वंशज म्हणजे सी-क्लास. आउडीची ए-फोर १९९४ ची. आरंभीच्या गाडीत चैन फारशी नव्हती. हलके अंग, जोमदार इंजिन आणि रस्त्याची बित्तंबातमी हाताला सांगणारे स्टिअरिंग, एवढेच तिचे भांडवल होते. चामड्याच्या गाद्या, विजेवर हलणाऱ्या सीटा, पडदे, संवेदक ही पुढल्या पिढ्यांची भर होय. म्हणजे मूळ संहिता चालीची, आणि चैन हा तिच्यात वाढत गेलेला प्रक्षेप. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना हे रूपक पटावे.

भारतात या प्रकाराचे वाचन प्रथमपासूनच काहीसे उलटे झाले. मर्सिडीज-बेन्झ १९९४ साली टेल्कोच्या भागीदारीत पिंपरीत आली आणि १९९५ पासून तेथे ई-क्लासची जुळणी सुरू झाली. पुढे सी-क्लासही तेथे बनू लागली आणि २००९ मध्ये कारखाना चाकणला हलला. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये चेन्नईजवळ जुळणी सुरू केली, आउडीने तेव्हाच्या औरंगाबादेत. ज्यांना या गाड्या परवडत होत्या ते बहुधा स्वतः चालवत नसत. चालक ठेवून ते मागे बसत. या वर्गातील गाडीची मागची सीट हे तिचे सर्वांत कमकुवत स्थान आहे. तेथे गुडघे आखडतात, आणि मधल्या उंचवट्यामुळे तिसऱ्या माणसाची पंचाईत होते. म्हणजे पहिल्या मालकाने ही गाडी चुकीच्या पानावर उघडून वाचली, असेच म्हणावे लागेल. जिच्यासाठी ती घडवली गेली ती चालकाची जागा पगारी माणसाकडे, आणि मालकाच्या वाट्याला बोधचिन्ह. गाडीची किंमत उतरते तेव्हा ती प्रथमच अशा माणसाच्या हाती येते, जो स्वतः चालवणार आहे. या अर्थाने दुसरा किंवा तिसरा मालक हाच तिचा पहिला खरा वाचक असू शकतो. जुन्या गाडीच्या बाजूने करता येण्याजोगा सर्वांत सबळ युक्तिवाद आम्हाला हाच वाटतो, स्वस्ताईचा नव्हे.

स्वस्ताईचा युक्तिवाद फसवा आहे, आणि तो कसा हे स्पष्टच सांगितले पाहिजे. गाडीची बाजारातील किंमत उतरली, म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. सहा लाखांच्या गाडीला हेडलाइट लागतो तो तीस लाखांच्या गाडीचाच. कामाची मजुरी, लागणारे विशिष्ट तेल, ठराविक मापाचे टायर, हे सारे मूळ दर्जाप्रमाणेच आकारले जाते. विक्रेता किंमत सांगतो ती हॅचबॅकची. रस्ता खर्च मागतो तो मूळ गाडीचा. किमतीतील घट ही बाजाराने दिलेली देणगी नसून पुढील खर्चाचा त्याने आधीच मांडलेला अंदाज आहे. ज्याला ती देणगी वाटते त्याने अजून व्यवहार वाचलेला नाही.

आता वयाकडे वळू. वास्तूंच्या जुनेपणाचा विचार करताना ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोइस रीगल यांनी १९०३ साली एक महत्त्वाचा भेद केला. स्मारकाला जुनेपणाचे स्वतःचे मूल्य असते, इतिहासाचे मूल्य असते, आणि या दोहोंपासून वेगळे उपयोगाचे मूल्य असते. ही मूल्ये एकमेकांशी भांडतात. कार्ल्याच्या चैत्यात या भेदाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. सदतीस स्तंभांच्या त्या सभागृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत, आणि त्या मूळच्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. छत अखंड खडकाचे असल्यामुळे या कमानींवर कसलाही भार नाही. लाकडी बांधकामाची जी जुनी रीत होती तिची आठवण म्हणून त्या तेथे आहेत. भार नसल्यामुळेच त्यांचे वय हे निखळ मूल्य ठरते. जितक्या जुन्या तितक्या मोलाच्या.

मोटारीला ही सवलत नाही. तिच्यात आठवण म्हणून बसवलेला भाग जवळपास नसतो. प्रत्येक बुश, प्रत्येक नळी, प्रत्येक तार काही ना काही पेलत असते. म्हणून जी गाडी रोज चालवायची आहे तिच्याबाबत जुनेपणाच्या मूल्याला निवाड्यात स्थान देऊ नये, असे आमचे मत आहे. ते मूल्य संग्राहकाचे. रोजच्या माणसाने फक्त एवढेच विचारावे की, वयाने हिच्यातील काय नेले आणि काय ठेवले?

वय प्रथम नेते ती चैन. सनरूफचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या तुंबतात आणि पाणी छताच्या अस्तरात किंवा थेट तारांच्या जुडग्यात उतरते. काचेखालच्या पन्हळीत पाला साचतो आणि तेच होते. मधला पडदा काळवंडतो, सीटांच्या मोटरी कुरकुरतात, वातानुकूलनाच्या झडपा अडकतात, संवेदक खोटे इशारे देऊ लागतात. इंजिनाभोवतीची प्लास्टिकची पाणीटाकी आणि जोडनळ्या उष्णतेने ठिसूळ होतात. आपल्याकडील मोटारविम्याच्या नियमांतही हे शहाणपण दिसते. भरपाई देताना रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के घसारा धरला जातो. धातूच्या भागांवरील घसारा मात्र वयाबरोबर पायरीपायरीने वाढतो. चैन कशाची बनलेली असते, हे विमा कंपन्यांना समीक्षकांपेक्षा आधी कळले होते, असे म्हणायला हरकत नाही.

चालीचे तसे नाही. चाल म्हणजे सांगाड्याचा ताठपणा, पुढच्या-मागच्या चाकांवर वजनाची वाटणी, सस्पेन्शनची भूमिती, ब्रेकची पकड आणि स्टिअरिंगची बोली. गंज किंवा अपघात नसेल तर सांगाडा पंधरा वर्षांत फारसा बदलत नाही. सस्पेन्शनमध्ये झिजते ते रबर : कंट्रोल आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअब्जॉर्बर. ते बदलले की गाडीची चाल पुष्कळशी परत येते. चैनीचे असे होत नाही. एक पडदा बदलला तर दुसरा संवेदक बिघडतो, आणि सगळे दुरुस्त करूनही हाती येते ती पंधरा वर्षांपूर्वीची चैन, जी आजच्या मध्यम दर्जाच्या नव्या गाडीपुढेही जुनाट दिसते. चालीच्या बाबतीत मात्र काळ कधीकधी उलटा फिरतो. त्या पिढीतील बहुतेक गाड्यांचे स्टिअरिंग हायड्रॉलिक होते. पुढील पिढ्यांत ते विजेवर गेले. हाताला रस्ता जाणवणे ही गोष्ट आज नव्या महागड्या गाडीतही दुर्मिळ झाली आहे. म्हणून आमचा पहिला निष्कर्ष असा : अशी गाडी घेताना चालीसाठी पैसे मोजावेत, चैनीसाठी एक रुपयाही मोजू नये. सर्व सुविधांनी लादलेल्या मॉडेलपेक्षा साधे मॉडेल श्रेयस्कर. ज्याला चैन हवी आहे त्याने नवी गाडी घ्यावी.

या संदर्भात एका शब्दाचे वाचन उद्बोधक ठरेल. अनेक कंपन्यांनी या गाड्यांच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल 'आजन्म' टिकणारे, म्हणजे बदलण्याची गरज नसलेले, असे जाहीर केले होते. परंतु बीएमडब्ल्यूसह अनेकांना गिअरबॉक्स पुरवणाऱ्या झेडएफ या जर्मन कंपनीची स्वतःची शिफारस आहे की हे तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांच्या दरम्यान, किंवा सुमारे आठ वर्षांनी बदलावे. मग 'आजन्म' हा जन्म कोणाचा? उघडच आहे, की तो पहिल्या मालकाच्या हमीकाळाचा. उत्पादकाच्या कथनात गाडी तेवढीच जगते; तिसऱ्या मालकाचे तिच्यात पात्रच नाही. संहितेतील गाळलेल्या जागा वाचण्याची सवय असलेल्या माणसाने जुन्या गाडीचे कागद याच नजरेने पाहावेत. गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले, या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी मागील मालकाविषयी पुष्कळ कळते.

कागदांचा विषय निघाला आहे तर तोही उरकून घेऊ. मीटरचा आकडा हा पुरावा नव्हे. सर्व्हिसच्या पावत्या, जुनी विमापत्रे आणि पीयूसीच्या नोंदी यांच्याशी ताडून पाहिल्यावरच त्याला अर्थ येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून पुरात बुडालेल्या गाड्या पुसूनपासून विकल्या जातात, हे मुंबईकराला ठाऊक आहे. गालिच्याखालचा गाळ आणि सीटच्या रुळांवरचा गंज अशा वेळी खरे बोलतो. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वयाची मर्यादा लागू केल्यावर तिकडील अनेक गाड्या इतर राज्यांत गेल्या. त्या घेताना ना-हरकत पत्र आणि फेरनोंदणीचा कर यांचा हिशेब आधी करावा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० वरून ५००० रुपयांवर गेले. वीस वर्षांपुढील गाड्यांसाठी २०२५ मध्ये ते आणखी वाढले. वर पर्यावरण कर आहेच. शिवाय आता पंपावर मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. त्या काळच्या इंधननळ्या आणि सील त्यासाठी घडवलेले नव्हते, तेव्हा पेट्रोल गाडीत ते वेळच्या वेळी पाहून घेणे भाग आहे.

आता रोजच्या रस्त्याकडे. येथे 'रोजचा' हा शब्द महत्त्वाचा. द्रुतगती मार्ग कार्ल्याच्या डोळ्यांसमोरून जातो, पण त्यावर चढायला लोणावळ्याकडे किंवा तळेगावकडे जावे लागते. कार्ल्यात राहून कामशेत, वडगाव, तळेगाव किंवा पुढे निगडीपर्यंत जाणाऱ्या माणसाचा खरा रस्ता म्हणजे जुना महामार्ग. कामशेतची खिंड, वळणे, मधूनमधून मोकळा पट्टा. आठवड्यातील साध्या सकाळी हा रस्ता अशा गाडीसाठीच आखल्यासारखा वाटतो. मोठ्या एसयूव्हीला जेथे अंग सावरावे लागते तेथे ही लहान सेडान सहज वळते, आणि मर्यादेत राहूनही चालवण्याचे समाधान देते. या समाधानाला आम्ही क्षुल्लक मानत नाही. रोज दीड-दोन तास रस्त्यावर घालवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात ते वाचनाइतकेच खरे असू शकते.

परंतु त्याच रस्त्यावर गतिरोधक आहेत, आणि त्यांची उंची ठरवताना जर्मन अभियंत्यांना कोणी विचारले नव्हते. या गाड्यांचे पोट जमिनीपासून बेताच्याच अंतरावर असते. चार माणसे बसली की चेंबर घासण्याची भीती असते. गावाकडच्या फाट्यावरून आत वळले की खड्डे सुरू होतात. त्या काळच्या बीएमडब्ल्यू गाड्यांत हवा गेल्यावरही काही अंतर धावणारे रनफ्लॅट टायर असत आणि म्हणून सुटे चाकच नसे. या टायरांच्या बाजू कडक असल्यामुळे खड्ड्यात बसणारा धक्का थेट सांगाड्यापर्यंत जातो. त्यावर उपाय म्हणून अनेक जण साधे टायर बसवतात. मग सुटे चाक डिकीत ठेवावे लागते आणि सामानाची जागा जाते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. कार्ल्याकडे तो उतरत जातो, तरी चार महिन्यांची ओल येथेही चुकत नाही. ज्या गाडीच्या तारा आणि नळ्या वयाने थकल्या आहेत तिची खरी परीक्षा एप्रिलमध्ये होत नाही, जुलैमध्ये होते. शक्य असेल तर अशी गाडी पावसाळ्यातच पाहावी.

या अडचणी पाहून बहुतेक जाणकार एक सल्ला देतात : अशी गाडी रोज वापरू नये, रविवारी बाहेर काढावी. आम्हाला हा सल्ला साफ अमान्य आहे. पहिले कारण स्थानिक आहे. कार्ल्याचा रविवार कार्लेकरांचा नसतोच. तो एकवीरेच्या दर्शनाला आलेल्या भाविकांचा आणि लोणावळ्याला निघालेल्या पर्यटकांचा असतो. चैत्रातील यात्रेच्या दिवसांत तर विचारायलाच नको. त्या रांगेत गोगलगायीच्या गतीने सरकताना स्वयंचलित गिअरबॉक्स तापतो आणि चालकही. दुसरे कारण यंत्राचे आहे. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, सील सुकतात, टायर एका जागी बसतात, ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो, उंदीर तारा कुरतडतात. पंधरा वर्षांच्या गाडीला सर्वांत जास्त मारते ती विश्रांती. रविवारची गाडी म्हणून जपलेल्या गाड्याच अनेकदा गॅरेजात अधिक दिवस काढतात. नियमित, पुरेसे लांब, इंजिन नीट तापेल असे अंतर धावणारी गाडी निरोगी राहते. तेव्हा घ्यायचीच असेल तर रोज चालवण्यासाठीच घ्यावी.

मात्र रोज चालवणे आणि रोज विसंबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या प्रतिपादनाचा गाभा येथे आहे. उतारवयातील गाडी वर्षातून काही दिवस नसणारच. कधी एखादा भाग परगावाहून यायचा असेल, कधी मेकॅनिकला दोष सापडायचा असेल. ज्याच्याकडे त्या दिवसांसाठी दुसरा मार्ग आहे त्याने ती खुशाल रोज चालवावी. कार्ल्याच्या माणसाकडे असा मार्ग आहे : मळवली स्टेशन आणि लोणावळा-पुणे लोकल. सकाळी गाडी रुसली तर आठ वाजताचा तास बुडणार नाही, एवढी खात्री ज्याला आहे त्याच्या हातात ही गाडी आनंदाची वस्तू राहते. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे, किंवा ज्याला अपरात्री हमखास निघावे लागते, त्याच्या दारात तीच गाडी चिंतेची वस्तू होते. गाडी तीच, रस्ता तोच. मूल्य बदलते ते तिच्यावर टाकलेल्या भारामुळे. चैत्यातील कमानींचा धडा येथे पुन्हा लागू पडतो.

सुरक्षेबाबत मात्र कोणतीही सूट देता येणार नाही. द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि काँक्रीटच्या त्या पृष्ठभागावर जुने टायर टिकाव धरत नाहीत. टायरच्या बाजूवरील चार अंकी खूण कोणालाही वाचता येते : पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे असू शकते. एअरबॅगचेही वय असते. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधील स्फोटक रसायन उष्णता आणि दमटपणाने बिघडत असल्याचे उघड झाल्यावर जगभर कोट्यवधी गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. त्यांत जर्मन बनावटीच्याही होत्या. आपल्या गाडीच्या चासी क्रमांकावर असे काही काम बाकी आहे का, हे अधिकृत सेवाकेंद्रात विचारून घ्यावे. 'सहा एअरबॅग' हे विक्रेत्याचे वाक्य विशेषण म्हणून ऐकू नये, तपासायचे विधान म्हणून ऐकावे.

शेवटी भावनेविषयी. सुबोध घोष यांच्या 'अजांत्रिक' या बंगाली कथेत आणि तिच्यावरून ऋत्विक घटक यांनी १९५८ साली काढलेल्या चित्रपटात बिमल हा टॅक्सीचालक आपल्या मोडकळीस आलेल्या गाडीवर माणसासारखे प्रेम करतो. तिला त्याने 'जगद्दल' असे नाव दिले आहे. लोक हसतात, तो खर्च करत राहतो, आणि अखेर ती भंगारात जाते. ही कथा यंत्रावरील वेड्या मायेची म्हणून वाचली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बिमलची माया त्या गाडीच्या बोधचिन्हावर नाही. तो तिच्यावर रोज पोट भरतो, तिचा प्रत्येक आवाज ओळखतो. त्याची माया वापरातून जन्मली आहे. आमच्या मध्यमवर्गीय वाचकाला अशा गाडीविषयी जे वाटते ते पुष्कळदा याच्या नेमके उलट असते. वापरण्यापूर्वीच तो प्रेमात पडलेला असतो, आणि ज्याच्यावर प्रेम बसले ती गाडी नसते, ती शेजाऱ्याच्या डोळ्यांतील आपली प्रतिमा असते. ही माया पहिल्या मोठ्या बिलापाशी संपते.

म्हणून आमचा निवाडा असा. उतारवयातील छोटी आलिशान क्रीडा-सेडान ही कार्ल्यासारख्या ठिकाणी रोज चालवण्यास योग्य गाडी आहे; परंतु ती घेणाऱ्याने किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवावी, कर्ज काढू नये, या गाड्या जाणणारा मेकॅनिक आधी शोधावा आणि गाडी नंतर, आणि मळवलीच्या लोकलचे वेळापत्रक पाठ ठेवावे. यांपैकी एकही गोष्ट ज्याला जमणार नाही त्याने नवी हॅचबॅक घ्यावी; त्यात कमीपणा काहीच नाही. आणि ज्याला त्या बोधचिन्हासाठीच ती हवी आहे त्याने घेऊच नये, कारण बोधचिन्ह हा त्या गाडीतील एकमेव भाग आहे, जो काहीच पेलत नाही.